एमपी५ कोणत्या कंपनीची घ्यावी, आणि ती अमळनेरला आणावी का?

पत्र: दादा, मी मूळचा अमळनेरचा. नोकरीमुळे सध्या जपानात, चिबा भागात राहतो. ऑफिसातल्या लोकांबरोबर सुटीच्या दिवशी एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खोट्या बंदुकांचा खेळ, खेळायला जाऊ लागलो आणि गोडी लागली. आतापर्यंत भाड्याची बंदूक वापरली, आता स्वतःची घ्यायची आहे आणि मला एमपी५च, त्या जर्मन सबमशीन गनची प्रतिकृतीच, हवी. दुकानात तीन पाहिल्या: टोक्यो मारुईची बॅटरीवरची ‘नेक्स्ट जनरेशन’, व्हीएफसीची गॅसवर चालणारी पोलादी, आणि सायमाची मेटल बॉडीची स्वस्त. सोबतचे खेळाडू म्हणतात एमपी५ जुनी झाली, एएसजीची स्कॉर्पिअन किंवा क्रायटॅकची व्हेक्टर घे. मला चष्मा आहे. दुसरी गोष्ट, धाकटा भाऊ गावी मित्रांबरोबर अहिराणी शॉर्टफिल्म करतोय. त्यात कमांडोचा सीन आहे, म्हणून मागे लागलाय, ‘येतांना एक लई येजो’. दिवाळीला घरी येतोय. आणू का?
— चिबातला अमळनेरकर

उत्तर:

भाऊ, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकतो. तिथं खेळायला टोक्यो मारुईची घे. आणि अमळनेरला कुठल्याच कंपनीची आणू नकोस, भावानं कितीही गळ घातली तरी. आता कारणं सांगतो, कारण नुसत्या ‘घे’ आणि ‘नको’वर इतके पैसे खर्च करू नयेत.

दुकानात तुला तीन बंदुका दिसल्या त्या बाहेरून. हातात घेतल्यावर वजन कळतं, मेटलचा गारवा कळतो, कोरलेली अक्षरं दिसतात. खेळताना यातलं काहीही छर्रा पुढं नेत नाही. जपानच्या कायद्यानं ६ मि.मी. छर्र्याच्या बंदुकीला ताकदीची सुमारे ०.९८ जूल (जूल हे ऊर्जेचं माप) ही कमाल मर्यादा घातली आहे, ही दुरुस्ती २००६ सालची. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ९९ मीटरच्या आसपास वेगानं सुटला की ती मर्यादा भरली. तोच ०.२५ ग्रॅमचा घातलास तर तेवढ्याच ताकदीत वेग ८८ मीटरवर येतो. मारुई असो, व्हीएफसी असो की सायमा, तिथं कायदेशीर विकली जाणारी प्रत्येक बंदूक या रेषेच्या आतच असते. तेव्हा कुणी सांगितलं की अमुक कंपनीची ‘जास्त पॉवरफुल’ आहे, तर ते तिथल्या मैदानावर खरं नसतं, आणि खरं असेल तर ती बंदूक बेकायदा असते. नवी घेतलीस तरी दुकानातच वेगमापकावर छर्रे मारून आकडा बघून घे. जुनी घेत असशील तर त्याशिवाय पैसे देऊच नकोस.

ताकद सगळ्यांची सारखी, मग फरक कशात? छर्रा प्रत्येक वेळी एकाच वाटेनं जातो की नाही, यात. ते काम करतं हॉप-अप. नळीच्या मागच्या टोकाला, जिथं छर्रा येऊन बसतो, तिथं वरच्या बाजूला रबराचा एक लहानसा उंचवटा असतो. छर्रा त्याला घासून निघतो आणि त्याला उलटी फिरकी मिळते. त्या फिरकीमुळं हवा त्याला वर उचलून धरते, म्हणून एवढासा प्लास्टिकचा गोळा चाळीस मीटरपर्यंत जवळजवळ सरळ जाऊ शकतो. रबर थोडं वाकडं बसलेलं असेल, कडक असेल किंवा तेलकट झालेलं असेल, तर एक छर्रा डावीकडं जातो आणि दुसरा आभाळात. नोकरीनिमित्त बाहेर असताना अशा बंदुका उघडून दुरुस्त करण्यात माझे पुष्कळ रविवार गेले. ‘नळी बदलून द्या, नेम लागत नाही’ म्हणून आलेल्या बंदुकीत बहुतेक वेळा नळी ठणठणीत असायची आणि रबर बिघडलेलं. नळी लांब म्हणजे नेम पक्का, हीही समजूत सोडून दे. मारुईच्या साध्या एमपी५ची आतली नळी २२९ मि.मी., एम४ रायफलची ३६३ मि.मी.; या ताकदीला दोन्हींच्या नेमात जो फरक दिसतो तो लांबीचा नसून आतल्या कामाचा असतो. झुडपांत आणि खोल्याखोल्यांच्या मैदानात लांब नळी उलट आडवी येते. मित्रांनी काहीही म्हटलं तरी एमपी५ निवडण्यात तुझं काही चुकलेलं नाही.

मारुईचं नाव मी याच कारणानं घेतो. १९६५ पासूनची टोक्योची कंपनी, आणि मोटर-गिअरवर चालणारी एअरसॉफ्ट रायफल बाजारात रुजवली ती यांनीच: १९९१ साली, फ्रेंच फामासची प्रतिकृती. त्यांचा हॉप-अप डब्यातून काढल्याबरोबर नीट काम करतो. इतर कंपन्यांच्या बंदुकीत लोक पहिल्या महिन्यात रबर बदलतात; मारुईत ती गरज सहसा पडत नाही. तू पाहिलेल्या नेक्स्ट जनरेशन एमपी५मध्ये झटका देणारं वजन मागेपुढे हलतं, चाप इलेक्ट्रॉनिक आहे, आणि मॅगझिन रिकामं झालं की बंदूक थांबते. थांबणं ही मला त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण नवशिका खेळाडू रिकाम्या बंदुकीचा चाप दाबत बसतो आणि तेवढ्यात बाद होतो. अडचण एकच. या मालिकेचं आतलं यंत्र वेगळं आहे, त्यामुळं जुन्या एमपी५चे भाग आणि मॅगझिन त्याला चालतील असं धरू नकोस. तू जपानातच आहेस, कंपनीची दुरुस्ती हाताशी आहे, म्हणून तुला हा अडथळा फारसा जाणवणार नाही. पैसे जास्त वाटत असतील तर मारुईचीच जुनी साधी एमपी५ बघ. बाहेरून प्लास्टिकची, झटका नाही, दुकानात हातात घेतल्यावर मन भरत नाही. पण मैदानात ती कुणाच्याही मागं राहत नाही. त्यात ए४ घ्यावी, ए५ नाही, असं माझं मत. ए४चा दस्ता पक्का असतो आणि त्यात मोठी बॅटरी मावते. ए५चा सरकणारा दस्ता दिसायला देखणा, पण खांद्याला टोचतो आणि बॅटरी पुढच्या मुठीत कोंबावी लागते.

सायमाबद्दल लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. ही चिनी कंपनी मारुईच्या जुन्या रचनेचीच नक्कल करते. त्यामुळं पिस्टन, गिअर, नोझल, रबर असे सगळे सुटे भाग सहज मिळतात आणि बसतात. ज्याला स्क्रू खोलायची आवड आहे त्याच्यासाठी हिच्याइतकी चांगली शाळा नाही. एमपी५मध्ये जो गिअरबॉक्स असतो, ज्याला खेळाडू ‘व्हर्जन २’ म्हणतात, त्याचा पुढचा भाग, जिथं पिस्टन येऊन आदळतो, तिथंच कालांतरानं चीर पडते. चापाखालचे तांब्याचे संपर्क जास्त व्होल्टच्या बॅटरीनं जळतात. ११.१ व्होल्टची लिपो बॅटरी लावून ‘फायरिंग रेट’ वाढवणाऱ्याची बंदूक आधी मरते ती इथंच. ७.४ व्होल्टवर थांब. सायमाची नवी बंदूक उघडली तर कधी आत ग्रीस नको तितकं असतं, कधी गिअरच्या चकत्या ढिल्या असतात. डबा उघडून थेट मैदानात जायचं असेल तर ही घेऊ नकोस. पत्रावरून तुला खेळायचं आहे असं दिसतं, दुरुस्ती शिकायची आहे असं नाही.

आता व्हीएफसी, जिनं तुझं मन सगळ्यात जास्त ओढलंय असं तुझ्या एका शब्दावरून मला वाटलं. मारुईची बॅटरी सांगितलीस, सायमाला ‘स्वस्त’ म्हणालास, हिला मात्र ‘पोलादी’ म्हणालास. ओढ खोटी नाही. ही तैवानची कंपनी जर्मनीच्या उमारेक्ससाठी बंदुका बनवते आणि उमारेक्सकडं मूळ कंपनी हेक्लर अँड कोखचा परवाना आहे. म्हणून अंगावरची अक्षरं खरी, पत्रा पोलादाचा, आतला बोल्ट गॅसनं खरोखर मागेपुढे होतो. दांडी मागं ओढून खाचेत अडकवायची आणि हाताच्या फटक्यानं पुढं सोडायची, ही एमपी५ची ओळखीची ढब गॅसच्या बंदुकीत तिचं खरं काम करते. संग्रहासाठी विचारलं असतंस तर मी हीच सांगितली असती. पण गॅस हवेच्या उबेवर जगतो. जपानात सर्रास वापरला जाणारा १३४ए गॅस ५ अंश तापमानाला साडेतीन बार दाब देतो आणि ३५ अंशांना जवळजवळ नऊ. म्हणजे जुलैत जी बंदूक धडाधडा चालते ती जानेवारीच्या सकाळी दहा-पंधरा छर्र्यांनंतर मरगळते. सलग मारलं की गॅस उडून मॅगझिन आणखी गार पडतं आणि दाब आणखी उतरतो. मॅगझिनही जड आणि महाग, एकात गळती लागली की त्या दिवसाचा खेळ गेला. घेतलीसच तर जपानसाठी काढलेली आवृत्ती घे. बाहेरची घेऊन तिच्यात जास्त दाबाचा गॅस भरलास तर वर सांगितलेली रेषा ओलांडशील.

स्कॉर्पिअन आणि व्हेक्टर वाईट मुळीच नाहीत. एएसजी ही डेन्मार्कची कंपनी, तिच्याकडं चेक कारखान्याचा परवाना आहे. स्कॉर्पिअनचा चाप विजेच्या बारीक बटणावर चालतो, बोट लावताच छर्रा सुटतो. व्हेक्टर तर अंगापेक्षा जास्त डोकं असलेली रचना आहे. पण दोन्हींचा गिअरबॉक्स त्यांचा स्वतःचा. एखादा दात तुटला तर तो भाग त्याच कंपनीकडून मागवायचा आणि वाट बघायची. पहिल्या बंदुकीला हे ओझं नको. शिवाय तुला एमपी५ आवडते. छंदात आवडीला मत असतं, ते मित्रांना देऊ नकोस.

चष्म्याचा मुद्दा तू एका वाक्यात उडवलास, मी उडवणार नाही. चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. ०.९८ जूलचा छर्रा उघड्या डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, आणि चष्म्याची काच फुटली तर तिचे तुकडेही जातात. चष्म्यावरून चारही बाजूंनी बंद बसणारा गॉगल घे, धातूच्या जाळीचा खालचा मास्क घे, आणि हे बंदुकीच्या आधी विकत घे. मग तो मास्क चढवून दुकानात एमपी५ खांद्याला लावून बघ. एमपी५ची नेम धरायची मागची फिरती साइट खूप खाली असते. मास्क लावला की गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि डोळा साइटच्या रेषेत येत नाही. चष्मेवाल्यांना हे हमखास नडतं. वर पट्टी लावून थोडा उंच रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसणारी साइट) बसवला की सुटतं, त्याचे पैसे आधीच हिशेबात धर. रेड डॉटपुढं पारदर्शक झाकणही लाव, छर्रा पहिला तिथंच लागतो.

आता घरचा प्रश्न. इथं मी तुला मोकळेपणानं सांगतो, कारण यात तुझं नुकसान पैशापुरतं राहणार नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम १०नुसार देशात शस्त्र आणायला परवाना लागतो. ‘हे शस्त्र नाही, खेळणं आहे’ असं तू कस्टम्सच्या टेबलापाशी म्हणशील. २०१६च्या शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकांना दोन मोजमापं लावली आहेत: २० जूल ताकद आणि ४.५ मि.मी. नळी. ताकदीच्या मापानं तुझी बंदूक कितीतरी खाली बसते, पण छर्राच ६ मि.मी.चा, म्हणजे नळीच्या मापात ती बसत नाही. वर ती खऱ्या शस्त्राची हुबेहूब प्रतिकृती. आपल्या विमानतळावरचा अधिकारी ती ठेवून घेईल, हेच धरून चाल. जप्तीवर निभावलं तर नशीब, नाहीतर दिवाळीचे दिवस चौकशीत जातील. आणि जपानातली नोकरी टिकवायची असेल तर पासपोर्टवाल्या माणसानं आपल्या नावापुढं शस्त्र कायद्याची नोंद होऊ देऊ नये. सुटे भाग करून दोन बॅगांत विभागण्याची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नकोस, त्यानं तू लपवत होतास हेच सिद्ध होईल. गॅसचा डबा तर विमानात चालतच नाही.

समज, कशीबशी आलीच घरी. मग? तिथल्या मैदानात सगळ्यांना ठाऊक असतं की समोरच्याच्या हातातलं खोटं आहे. अमळनेरच्या बसस्टँडवर, धुळ्याच्या नाक्यावर, चोपड्याच्या रस्त्यावर ते कुणालाच ठाऊक नसतं. वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात. आपल्या भागात खरी बंदूक जवळून पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत. तीही संध्याकाळच्या उजेडात व्हीएफसीची आणि खरी एमपी५ वेगळी ओळखू शकणार नाहीत, कारण ती ओळखू येऊ नये अशीच बनवलेली आहे. सातपुड्यापलीकडून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या तू लहानपणापासून वाचत आलास. आपल्याकडचा पोलीस मोटारसायकलवर काळी बंदूक घेतलेली पोरं बघून ‘शूटिंगची असेल’ असा विचार आधी करणार नाही, आणि त्यानं तसा करावा अशी अपेक्षाही आपण ठेवू नये. स्टेटसला हत्याराचा फोटो ठेवला म्हणून गुन्हा दाखल झालेल्या पोरांच्या बातम्या येतच असतात. तुझा भाऊ शॉर्टफिल्मवाला आहे, तो पहिल्याच दिवशी रील टाकेल. मला काळजी त्याची आहे, तुझी नाही.

पण भावाचं काम मला मोलाचं वाटतं. अहिराणीत पोरं स्वतःच्या खिशातून पैसे घालून काही बनवतात, त्यांना नुसता नकार देऊन कसं चालेल? म्हणून त्याच्यासाठी हे सांगतो.

पडद्यावर बंदूक झाडायची नसते, दिसायची असते. छर्रा सुटणारी बंदूक त्याला नकोच आहे. आगीचा लोळ आणि आवाज एडिटिंगमध्ये घालतात. दिसायला हवा तो आकार, आणि एमपी५चा आकार सुताराच्या आवाक्यातला आहे: वर आडवी नळकांडी, खाली चापाचा डबा, पुढं जाड मूठ, आणि बाक असलेलं मॅगझिन. मॅगझिन सरळ करू नका, १९७७ नंतरच्या एमपी५ला बाकदारच असतं आणि डोळ्याला तेच खुणावतं. जळगावात थ्रीडी प्रिंट करून देणारा शोधा. नाहीतर सागवानाचा तुकडा, पीव्हीसी पाइप आणि मॅट काळा रंग. रंग चकचकीत नको, कॅमेऱ्यात प्लास्टिक दिसतं. जवळच्या शॉटसाठी अगदी हुबेहूब हवी असेल तर मुंबईत सिनेमांना डमी हत्यारं भाड्यानं देणारे व्यावसायिक आहेत, एका दिवसापुरती त्यांच्याकडून रीतसर पावतीनं आणता येते.

आणि भावाला एक विचार: सीनमधला माणूस नक्की कोण आहे? एनएसजीचा कमांडो असेल तर एमपी५ बरोबर. २००८च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी सगळ्या देशानं ती त्यांच्या हातात टीव्हीवर पाहिली. पण तो आपल्याकडचा पोलीस असेल तर त्याच्या हातात ‘कार्बाइन’ शोभेल, ब्रिटिशांच्या स्टर्लिंग बंदुकीच्या धर्तीवर कानपूरला बनणारी ९ मि.मी.ची. तिला भोकं पाडलेल्या पाइपसारखी नळी असते, आणि मॅगझिन खाली नसून डाव्या बाजूला आडवं निघतं. ती करायला एमपी५पेक्षाही सोपी. बाहेरच्या सिनेमात पाहिलेली बंदूक खानदेशातल्या हवालदाराच्या हातात दिली तर आपल्याच माणसांना ते खटकेल. पोरं अहिराणी बोलीच्या बाबतीत जेवढी काटेकोर असतात तेवढी इथंही असू द्या.

डमी लाकडाची असली तरी तिच्या तोंडाला केशरी टोपी लावून ठेवायची, फक्त शॉटपुरती काढायची. नेताना गोणपाटात किंवा पेटीत, उघडी कधीच नाही. शूटिंग कुणाच्या तरी वाड्यात किंवा स्वतःच्या शेतात करा, रस्त्यावर नको. शेजारच्या शेतकऱ्यांना आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. आणि पोलीस ठाण्यात एक लेखी अर्ज द्यायचा: तारीख, वेळ, जागा, कलाकारांची यादी, ‘हत्यारं लाकडी आहेत, त्यातून काहीही सुटत नाही’ असं स्पष्ट वाक्य, आणि डमीचे दोन्ही बाजूंचे फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या आणि ती प्रत शूटिंगच्या दिवशी भावाच्या खिशात असू द्या. पोच हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका.